गॅलरीतला भाजीमळा: आधी मूल, मग ऊन, मग बियाणं

मुलगी दीड वर्षाची होती तेव्हाची गोष्ट. मुलुंडला दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत मी हौसेनं टोमॅटो लावले होते. ऊन रेलिंगपाशी यायचं, म्हणून कुंड्याही रेलिंगला खेटून मांडलेल्या. एका सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजत ओट्यापाशी उभी होते. मागे वळून पाहिलं तर पोर कुंडीच्या काठावर दोन्ही पाय रोवून, रेलिंगवर पोट टेकवून, खालच्या मांजराला हाका मारत होती. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो. हाक न मारता मागून गेले, कमरेला विळखा घालून तिला खाली घेतलं आणि दुपारपर्यंत सगळ्या कुंड्या भिंतीकडे ओढल्या.

भाजीपाल्याच्या बागेबद्दल कुणालाही विचारा, सुरुवात बियाण्यापासून होते. घरात लहान मूल असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. आधी मुलाचा विचार, मग उन्हाचा, आणि सगळ्यात शेवटी भाजी कुठली ते. मी आता त्याच क्रमानं जाते आणि तुम्हालाही तोच सांगते. चार बाय आठ फुटांची गॅलरी, खिडकीचं ग्रिल, सोसायटीची गच्ची किंवा तळमजल्यामागची पट्टी, यांपैकी काहीही असलं तरी हे लागू पडेल.

रांगत जाऊन गॅलरी बघा

कुंडी विकत घेण्याआधी एक काम करा. गॅलरीत खाली बसा, मुलाच्या उंचीवर डोळे आणा आणि रांगत एक फेरी मारा. उभं राहून जे कधीच दिसत नाही ते दिसायला लागतं: रेलिंगच्या खालची फट, वॉशिंग मशीनच्या मागची वायर, टाइलचा तुटलेला कोपरा, नळाखालची बादली.

रेलिंगच्या दोन उभ्या गजांमधली फट ४ इंचांपेक्षा जास्त नसावी. जास्त असेल तर आतून जाळी किंवा पारदर्शक शीट बसवून घ्या. आडव्या पट्ट्यांचं रेलिंग दिसायला छान, पण लहान मुलासाठी ती शिडीच असते. तिथे आतली शीट लावल्याशिवाय बाग सुरूच करू नका. संपूर्ण गॅलरीला ग्रिल बसवणार असाल तर त्यात उघडणारी एक खिडकी ठेवा आणि तिची चावी मोठ्यांच्या हाताला येईल अशी जवळच टांगा. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम: रेलिंगपासून तीन फुटांच्या आत चढता येईल अशी एकही वस्तू नको. कुंडी, स्टूल, खताची बादली, सायकल, काहीही. गॅलरी अरुंद असेल तर सगळ्या कुंड्या घराच्या भिंतीला लावून ठेवा. यात दुसराही फायदा आहे. बाहेर काढलेल्या गॅलरीचा भार भिंतीकडच्या बाजूला सर्वांत चांगला पेलला जातो. एक फूट व्यासाच्या आणि एक फूट उंचीच्या कुंडीत साधारण २० लिटर मिश्रण मावतं. निव्वळ लाल माती भरून पाणी घातलं तर तिचं वजन ३० किलोच्या वर जातं. अशा दहा कुंड्या म्हणजे ३०० किलो, आणि तेही जुन्या बिल्डिंगच्या बाहेरच्या काठावर. म्हणून जड ते अगदी भिंतीला, हलकं ते त्याच्या पुढे, पण रेलिंगपासूनचे तीन फूट सोडूनच. कमरेएवढ्या ड्रममध्ये आंबा लावायचा मोह गॅलरीत टाळलेलाच बरा.

ग्रिलच्या बाहेरच्या पट्टीवर कुंड्या ठेवायची आपल्याकडे सवय आहे. जूनचा पहिला वारा सुटला की त्या कुंड्या खाली येतात, आणि खालून कुणाचं तरी पोर शाळेच्या बसकडे चाललेलं असतं. कुंडी ग्रिलच्या आतच हवी, आणि तीही तारेनं बांधून.

ऊन खडूनं मोजा

हे काम मुलांनाच द्या. एखाद्या रविवारी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता गॅलरीत जिथपर्यंत ऊन आलंय तिथे खडूनं रेघ मारायची आणि बाजूला वेळ लिहायची. पुन्हा महिन्याभरानं मारायची. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी यांना रोज सहा तास थेट ऊन लागतं. पालक, माठ, मेथी, पुदिना, कोथिंबीर तीन-चार तासांवर भागवतात. दोन तासांपेक्षा कमी ऊन असेल तर फळभाज्यांचा नाद सोडा. पानं मोठी होतात, फळ धरत नाही आणि मूल वाट बघून कंटाळतं.

मुंबईत एक गंमत आहे, ती समजली की पुष्कळ कोडी सुटतात. आपलं शहर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. या काळाच्या दोन्ही टोकांना एकेक दिवस असा येतो की दुपारी साडेबाराच्या सुमारास सरळ उभ्या काठीची सावलीच नाहीशी होते. मुलांना गच्चीवर नेऊन हा शून्य सावलीचा दिवस नक्की दाखवा. जुलैच्या अखेरचा दिवस बहुतेक ढगात जातो, म्हणून मे महिन्यातला धरा. डिसेंबरात हाच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की दक्षिणमुखी गॅलरीत ऊन थेट हॉलपर्यंत येतं. म्हणजे दक्षिणेची गॅलरी हिवाळी भाज्यांची. पूर्वेची सगळ्यात शहाणी, वर्षभर सकाळचं कोवळं ऊन देणारी. पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिल-मे महिन्यांत रोपं होरपळतात आणि पावसाळ्यात नैऋत्येचा वारा तिथेच आदळतो. तिथे हिरवी शेडनेट आणि पक्का आधार दोन्ही लागतात. उत्तरेच्या गॅलरीत पुदिना आणि पानांचा ओवा लावा.

काय लावायचं नाही

माझ्या बागेला दोन कुलपं आहेत. मुलांसाठीचं कुलूप असं: विचारल्याशिवाय कुठलंही पान तोंडात घालायचं नाही. मोठ्यांसाठीचं त्याहून कडक: चुकून तोंडात गेलं तरी जीवावर बेतणार नाही असंच लावायचं. दोन वर्षांच्या मुलाकडून पहिलं कुलूप कधीही उघडतं, म्हणून दुसरं हवंच.

या हिशोबानं काही झाडं घरातून सरळ बाहेर जातात. कण्हेर आणि पिवळी बिट्टी, दोन्हींचा प्रत्येक भाग हृदयावर परिणाम करणारा. अडेनियम त्याच कुळातलं, आणि हल्ली प्रत्येक नर्सरीत पुढेच मांडलेलं असतं. धोतरा, एरंड, कळलावी, गुंज. गुंजेचं लाल-काळं बी इतकं देखणं असतं की मूल ते हमखास उचलतं, आणि चावलेलं एक बीही घातक ठरू शकतं. घाणेरीची हिरवी फळं. काटेशेराचा आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. डिफेनबेकिया आणि मनी प्लांट यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की जीभ, घसा सुजतो. मनी प्लांट मुंबईच्या घराघरांत बाटलीत वाढलेला असतो. तो फेकू नका, उंच टांगा.

भाज्यांतही असंच आहे. अळूच्या कच्च्या पानादेठांत तेच ऑक्झलेट असतं, म्हणून अळू कापताना हात खाजतात आणि फदफद्यात चिंच किंवा आंबट चुका पडतो. अळू लावा, पण मूल चार वर्षांचं होईपर्यंत त्याच्या हाताबाहेर. टोमॅटो, बटाट्याची पानं खायची नसतात. वाल, घेवडा, राजमा यांचे दाणे कच्चे खायचे नसतात. दुधी किंवा दोडका कापल्यावर त्याची चकती जिभेला लावून बघायची. कडू लागली तर थुंकायची आणि पूर्ण फळ टाकून द्यायचं. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. मिरची लावायचीच असेल तर वरच्या स्टँडवर, आणि तोडल्यावर हात धुतल्याशिवाय मुलाच्या डोळ्यांना हात लावायचा नाही.

एवढं करूनही एखाद्या मुलानं काही खाल्लंच तर तोंडातलं बोटानं काढा, चूळ भरायला लावा, उलटी करवू नका, झाडाची फांदी सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे, तो फ्रिजवर चिकटवून ठेवा. डोळ्यात चीक गेला तर आधी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं डोळा धुवा.

कुंड्या आणि माती

फुकट मिळालेलं प्रत्येक भांडं कुंडी होत नाही. रंगाचे, केमिकलचे डबे भाजीला नकोत. पत्र्याच्या डब्याच्या कडा कापतात. थर्माकोलच्या पेट्यांचे पांढरे दाणे सुटतात आणि रांगणारं मूल ते वेचून खातं. गच्चीवर किंवा मागच्या पट्टीत वाफ्याला कड म्हणून जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे लावतात, ते तर अजिबात नकोत. त्या पत्र्यांत अस्बेस्टॉस असतं आणि तुटलं की त्याची धूळ उडते.

मला ग्रो बॅग, म्हणजे कुंडीऐवजी वापरायच्या जाड पिशव्या, आवडतात. हलक्या असतात, पडल्या तरी फुटत नाहीत, कोपरा लागत नाही. पालेभाजीला सहा ते आठ इंच खोली पुरते, पण रुंदी हवी. भेंडी, मिरची, वांग्याला एक फूट. टोमॅटो आणि वेलांना सव्वा-दीड फूट. तळाला भोकं आहेत ना, हे दुकानातच बघून घ्या.

मिश्रण सोपं आहे. एक भाग लाल माती, एक भाग कंपोस्ट किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुवा, त्यात क्षार असतात. बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. पावसाळ्यासाठी भरत असाल तर कोकोपीट निम्मं करा आणि त्याऐवजी भाताचं तूस किंवा जाडी रेती घाला. मुंबईचा पाऊस म्हणजे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. नुसत्या कोकोपीटची कुंडी या दिवसांत चिखल होऊन बसते आणि मुळं कुजतात.

माती रस्त्याकडेची किंवा बिल्डिंग पाडलेल्या जागेची आणू नका. तिच्यात डेब्रिज, काचा, जुना रंग, काहीही असतं. जुन्या रंगात शिसं असायचं आणि मुलं मातीतली बोटं तोंडात घालतात.

मातीच कमी वापरायची असेल तर आपल्याच मराठी मुलखात त्याची वाट दाखवलेली आहे. शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांच्या प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर यांनी पालापाचोळा कुजवून केलेली अमृत माती लोकांना शिकवली. तीच रीत धरून मुंबईत कित्येक गच्च्या उभ्या राहिल्या. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर फळबाग वाढली. वजन कमी, खर्च कमी. फक्त शेण-गोमूत्राचं पाणी वापरलं तर मुलांचे हात नंतर साबणानं धुवायलाच हवेत.

पहिलं पीक: समुद्रमेथी

मुलांना पहिल्याच दिवशी टोमॅटोचं बी दिलंत तर ती अडीच महिने वाट बघणार नाहीत. मुंबईनं त्यासाठी आपल्याला एक सुरेख भाजी दिली आहे. बाजारात बोटभर उंचीच्या, पांढऱ्या देठाच्या, दोन-दोन पानांच्या मेथीच्या छोट्या जुड्या मिळतात ना, ती समुद्रमेथी. समुद्राकाठच्या रेतीत वाढवतात म्हणून ते नाव.

आम्ही ती जुन्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये करतो. ट्रेला खाली भोकं पाडायची, त्यात तीन इंच धुतलेली बारीक रेती घालायची. डब्यातले मेथीचे दाणे वाटीभर पाण्यात रात्री भिजत टाकायचे. सकाळी ते फुगलेले, बुळबुळीत झालेले असतात. मुलीला त्यांत हात घालायला फार आवडतं. ते रेतीवर दाट पसरायचे, इतके की एकमेकांना लागतील, आणि वर अर्धा इंच रेती भुरभुरायची. बाटलीच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली की मुलाची झारी तयार. सकाळ-संध्याकाळ एकेक शिंपण. तिसऱ्या दिवशी रेतीला भेगा जातात. चौथ्या-पाचव्या दिवशी सगळा ट्रे एकदम वर येतो, दाण्यांची सालं टोपीसारखी डोक्यावर घेऊन. मुलगी शाळेतून आली की दप्तर न काढता आधी तिकडे पळते. दहाव्या-बाराव्या दिवशी मुळासकट उपटायची, चार पाण्यांत धुवायची, मुळं कापायची, आणि लसणीच्या फोडणीवर दोन मिनिटं परतायची. रेती नीट गेली नाही तर दाताखाली कचकचते, म्हणून पाणी शेवटी स्वच्छ दिसेपर्यंत धुवा. एरवी मेथीकडे न बघणारी मुलगी स्वतः उपटलेली मेथी पोळीत गुंडाळून खाते.

मुलांच्या हातात बी देताना दोन गोष्टी सांभाळा. पाकिटातलं बी गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. ते मोठ्यांनीच पेरायचं आणि हात धुवायचे. मुलांसाठी घरच्या डब्यातले दाणे उत्तम: मेथी, मोहरी, मूग, चवळी, आणि लाटण्यानं हलके फोडून दोन फाका केलेले धणे. तीन वर्षांखालच्या मुलापुढे चवळी, वालाचे दाणे सोडून जाऊ नका. नाकात, कानात जातात.

प्रत्येक मुलाची स्वतःची एक कुंडी असू द्या, जमिनीवर ठेवलेली, त्याच्या गुडघ्याएवढी. त्यात त्यानं काय लावायचं ते त्यानं ठरवायचं. उकरून बघितलं तरी ओरडायचं नाही. बी रुजलंय का हे बघायला मूल रोज उकरणारच.

मृगापासून ऋषिपंचमीपर्यंत

पावसाळ्यात मुंबईची बाग बंद पडते असं पुष्कळ जण मानतात. मला तसं वाटत नाही. कोकणातली परसबाग भरते ती याच दिवसांत. आणि कुटुंबासाठी या हंगामाला एक ठरलेला दिवस आहे: गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीची ऋषिपंचमी. त्या दिवशीची ऋषीची भाजी बैलाच्या श्रमाशिवाय पिकवलेली लागते. गॅलरीतल्या कुंडीला बैल कुठून लागणार! आमच्याकडे तीन वर्षं त्या भाजीतली निम्मी जिन्नसं घरची असतात.

मे महिन्यात माती उन्हात तापवून घ्या आणि अळूचे कंद लावा. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतं आणि त्याच आठवड्याच्या आसपास मुंबईत पाऊस धरतो. पहिल्या एक-दोन सरी पडल्या की भेंडी, चवळी, दोडका, पडवळ, काकडी पेरा. प्रत्येक जागी दोन बिया, त्यांतलं जोमाचं रोप ठेवायचं. भेंडी ४५ ते ५० दिवसांत सुरू होते. पडवळ-दोडक्याला दोन महिने धरा. लाल माठ महिन्यात तयार होतो, म्हणून एक हप्ता जूनमध्ये आणि दुसरा पंचमीच्या पाच आठवडे आधी पेरा. सुरण गॅलरीच्या कामाचा नाही, तो बाजारातून आणा. कारल्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण तारा ही जात आपल्या हवेला मानवते.

जुलैच्या झडीत दहा-दहा दिवस ऊन दिसत नाही. नुकतं उगवलेलं रोप तेव्हा लवकर सडतं, म्हणून लहान रोपं छपराखाली घ्या. वेलांना फुलं येऊनही फळ धरत नसेल तर पावसात मधमाश्या फिरत नाहीत हे कारण असतं. सकाळी नर फूल तोडून त्याचे परागकण मादी फुलात टेकवायचे. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नरामागे नुसता देठ. दोडक्याची आणि पडवळाची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात, तेव्हा हे काम दिवेलागणीला. माझ्या मुलीला हे काम येतं आणि ते दुसऱ्या कुणी केलेलं तिला चालत नाही.

वेल चढवायला बांबू, जाळी, सुतळी लागते. तिथेच मुलांना इजा होते. छोट्या बांबूचं टोक नेमकं वाकणाऱ्या मुलाच्या डोळ्यापाशी येतं. प्रत्येक टोकावर जुना प्लास्टिकचा चेंडू भोक पाडून बसवा किंवा चिंध्या घट्ट बांधा. सुतळीचे फास लोंबत ठेवू नका, गळ्यात अडकतात. जाळी वरून खाली ताणून दोन्हीकडे पक्की करा, रेलिंगच्या आतल्या बाजूला, मात्र चढता येणार नाही अशी मऊ नायलॉनची.

साचलेलं पाणी

डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आपल्या कुंड्यांखालच्या ताटल्या त्याला अगदी योग्य जागा. पालिकेची माणसं घरोघरी येऊन हेच तपासतात. ताटल्या काढून टाका आणि कुंड्या विटांवर ठेवा. खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडत असेल आणि ताटली लागतच असेल, तर तिच्यात काठोकाठ रेती भरा. आमच्याकडे रविवार कोरडा दिवस असतो. मुलगी टॉर्च घेऊन पुढे आणि मी मागे. बादली, झारी, ताटली, कूलरची ट्रे, मनी प्लांटची बाटली, सगळं पालथं करून, घासून, पुसून. घासणं महत्त्वाचं, अंडी कडेला चिकटून राहतात.

बादलीत, टबात पाणी भरून ठेवायचं असेल तर घट्ट झाकण हवंच. रांगणारं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं आणि त्याचा आवाजही येत नाही.

झाडांना तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी घाला. मासळी धुतलेलं नको, त्याच्या वासानं मांजरं आणि उंदीर येतात. आरओच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी खारट असतं, रोज घातलं तर माती बिघडते.

कीड, उंदीर, कबुतरं

मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांच्यासाठी आधी पाण्याचा जोरकस फवारा आणि ओल्या कापडानं पुसणं. त्यानं भागलं नाही तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब साबण, संध्याकाळी फवारून. नैसर्गिक म्हणून निंबोळी तेलाची बाटली मुलांच्या हाताशी ठेवू नका. लहान मुलाच्या पोटात ते गेलं तर गंभीर आजारपण येतं. कुलपात ठेवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कुठलंच औषध ओतून ठेवू नका.

तंबाखूचं पाणी फवारायचा सल्ला अजूनही बरेच लोक देतात. तो कृपया मानू नका. निकोटिन हे जहाल विष आहे आणि ओल्या पानावरून कातडीतूनही शरीरात जातं. तसंच उंदरांसाठी किंवा कबुतरांसाठी कुंडीत डांबरगोळ्या टाकू नका. मुलाला ती पांढरी गोळी पेपरमिंटच वाटते.

कबुतरांची विष्ठा कोरडी झाडली की तिची धूळ फुप्फुसात जाते. आधी पाण्यानं भिजवा, तोंडाला मास्क बांधा, मग काढा, आणि तेवढा वेळ मुलं घरात. त्या विष्ठेचं खत चांगलं असं ऐकून ती कुंडीत घालू नका. पावसाळ्यात गोगलगाई येतात. त्या रात्री टॉर्च लावून चिमट्यानं उचलायच्या, हातानं नाही.

ओल्या कचऱ्याचं खत घरी करत असाल तर त्यात साली, देठं, चहाचा चोथा आणि तेवढाच सुका पाला. शिजलेलं अन्न, मटण-मासळी नको. झाकण घट्ट. बिल्डिंगमध्ये उंदीर-घुशी असतील तर तळमजल्यावर उघडं खत करूच नका. त्यांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो आणि मुंबईत पाणी तुंबलं की तो धोका वाढतो. तळमजल्यामागच्या पट्टीत मुलं अनवाणी नकोत. वाफे विटांनी एक फूट उचलून घ्या आणि गटाराच्या चेंबरची झाकणं शाबूत आहेत ना, हे दर पावसाआधी स्वतः बघा.

गच्ची मिळाली तर

गच्ची सगळ्यांची असते. आधी कमिटीची लेखी परवानगी. स्लॅबवर थेट माती टाकू नका, मुळं वॉटरप्रूफिंग फोडतात आणि वरच्या मजल्यावर ओल उतरली की बाग बंद होते. कुंड्या विटांवर तीन इंच उचलून, खाली तुळई असेल तिथे रांगेनं, आणि पाणी जायची तोंडं मोकळी. जिन्यात, पॅसेजमध्ये एकही कुंडी नको.

मुलांसाठी तिथे तीन गोष्टी तपासा. पाण्याच्या टाक्यांची झाकणं कुलूपबंद आहेत का. कठड्याजवळ पाइप, टाकीचा ओटा, जुनं फर्निचर असं चढायला काही आहे का. आणि गच्चीचं दार बाहेरून आणि आतून बंद होतं का, चावी कुणाकडे असते. मूल एकटं गच्चीवर कधीच नको, मोठं झालं तरी. एप्रिल-मेमध्ये फरशी तळपाय भाजेल इतकी तापते, तेव्हा बागकाम साडेआठच्या आत.

पंचमीनंतर

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की मुंबईच्या बागेचा सगळ्यात सोपा काळ सुरू होतो. टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं सप्टेंबरातच छपराखाली करून ठेवा आणि ऑक्टोबर हीट उतरली की कुंडीत हलवा. मुळा, पालक, मेथी, कोथिंबीर, वाल नोव्हेंबरपासून. मुळा दीड महिन्यात निघतो आणि उपटताना मुलांना काय आनंद होतो! हिवाळ्यात भायखळ्याच्या राणीच्या बागेत पालिकेचं उद्यान प्रदर्शन भरतं, तिथे कुंडीतल्या भाज्याही मांडलेल्या असतात. मुलांना घेऊन जा. आपल्या टोमॅटोएवढाच टोमॅटो तिथे बघितला की मुलीची मान ताठ होते.

तोवर जुने वेल काढा, बारीक कापून खताच्या डब्यात टाका, कुंडीतली माती पालथी करून दोन मुठी नवं खत मिसळा. भेंडीच्या सगळ्यात चांगल्या झाडावरची एक शेंग मात्र तोडू नका. ती झाडावरच वाळू द्या, तिच्यावर रेघा फुटायला लागल्या की मुलाच्या हातानं सोलून दाणे काढा, सावलीत वाळवा आणि कागदाच्या पुडीत बांधून त्याच्याच अक्षरात नाव आणि तारीख लिहून घ्या. आमच्याकडे ती पुडी पिठाच्या डब्यांच्या मागे, वरच्या फळीवर असते. मुलगी मे महिना लागला की तिची चौकशी सुरू करते.